बोंडअळीचं दप्तर

सुरगाण्यात कापूस पिकत नाही. नागली, वरई, भात, खुरासणी, अलीकडे स्ट्रॉबेरी, एवढ्यात आमचा तालुका संपतो. नाशिक जिल्ह्यातला कापूस पाहायचा तर मालेगाव, नाहीतर येवल्याकडे जावं लागतं. तरी गेली दोन-तीन वर्षं मी कापसावरच्या एका पतंगाच्या मागे आहे. त्याला कारण माझा मावसभाऊ.

आमच्याकडची माणसं पावसाळा सरला की कामाला बाहेर पडतात. कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर, कुणी सरळ गुजरातेत. गुजरात आम्हाला लांब नाहीच. नार-पारचं पाणी तिकडेच वाहतं, आणि २०२२ च्या डिसेंबरात इथल्या सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हालाही गुजरातेत घाला’ असं निवेदनच दिलं होतं. तर हा दादा दोन हंगाम सौराष्ट्रात कापूस वेचायला होता. परत आल्यावर म्हणाला, “फूल उमलतच नाही रे. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या. ओढून उघडल्या की आत अळी.” मग म्हणाला, “ते बीटी बियाणं होतं. बीटी खाल्लं की अळी मरते म्हणतात. मग ही कशी जगली? तू शिकलेला ना, सांग.”

मी इतिहास शिकवतो. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला. पण ‘ही कशी जगली’ हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटला, आणि अजूनही वाटतो.

त्या न उमलणाऱ्या फुलाला विदर्भ-खानदेशात ‘डोमकळी’ म्हणतात. अळीचं सरकारी पत्रकातलं नाव ‘गुलाबी बोंडअळी’, जुन्या माणसांच्या तोंडी ‘शेंदरी बोंडअळी’. पूर्ण वाढलेला पतंग सेंटिमीटरभराचा, राखाडी-तपकिरी, ट्यूबलाइटवर आला तर तुम्ही बघणारही नाही. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. नावातल्या ‘गॉसिपि’चा अर्थ कापूस.

या पतंगाची शास्त्रात पहिली नोंद झाली ती दादा गेला त्याच राज्यातून. १८४० च्या सुमाराची गोष्ट. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि तो अमेरिकेतून यायचा. त्या अवलंबित्वाची ईस्ट इंडिया कंपनीला धास्ती होती. म्हणून कंपनीने अमेरिकेतून दहा मळेवाले बोलावले, अमेरिकन बियाणं आणलं आणि ते हिंदुस्थानात रुजवायचे प्रयोग सुरू केले. त्यातली एक सरकारी लागवड भडोचला होती. तिथे अमेरिकन कापसाची बोंडं एक अळी पोखरू लागली. नमुने लंडनला गेले आणि १८४३ साली विल्यम विल्सन सॉन्डर्स याने तिचं वर्णन केलं. सॉन्डर्स हा पेशाने लॉइड्सच्या विमा बाजारातला माणूस. फावल्या वेळात किडे जमवायचा. जोखीम मोजणाऱ्या माणसाच्या हातून या पतंगाचं बारसं व्हावं, ही गंमत मला फार आवडते.

पतंगाचं मूळ घर हिंदुस्थान की ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाचा पट्टा, यावर किटकशास्त्रज्ञांत वाद आहे. प्रवास मात्र माहीत आहे. ही अळी सरकीच्या आत शिरून महिनोन् महिने निपचित पडून राहू शकते. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत झोपते. म्हणजे बियाण्याच्या पोत्याबरोबर ती कुठेही जाते, आणि पोत्याला बाहेरून काहीच दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली. १९११ साली इजिप्तच्या बियाण्याबरोबर मेक्सिकोत. १९१७ साली टेक्सासमध्ये. अमेरिकन कापसावर भडोचला सापडलेली अळी पाऊण शतकाने अमेरिकेत उतरली.

पुढची ऐंशी वर्षं मी वगळतो. फवारण्या, पऱ्हाटी जाळणं, कामगंध सापळे, असंच सगळं. दादाच्या प्रश्नाची गाठ त्यानंतर पडते.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. जालन्याच्या महिकोने अमेरिकन मोन्सॅन्टोबरोबर आणलेले तीन संकरित वाण होते ते. त्याआधी काही महिने गुजरातेत नवभारत-१५१ नावाचं परवानगी नसलेलं बीटी बियाणं शेतात सापडून गदारोळ झाला होता. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसाच्या झाडात बसवलेलं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं, त्याचं नाव क्राय-१-एसी. अळीने ते खाल्लं की तिच्या आतड्याच्या भिंतीवर कॅडहेरिन नावाचं दुसरं एक प्रथिन असतं, त्याला ते जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. माणसाच्या आतड्यात ही जोडी जमत नाही. किल्ली आणि कुलूप म्हणा. किल्ली कापसाकडे, कुलूप अळीकडे.

आता एखाद्या अळीत जन्मतःच कुलूप मोडकं असेल तर? किल्ली लागणार नाही, अळी जगेल. पण अळीकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक जरी प्रत धड असली तरी धड कुलूप तयार होतं आणि ती मरते. जगण्यासाठी दोन्ही प्रती मोडक्या हव्यात, आणि असं सुरुवातीला लाखांत एखादीचंच असतं. म्हणूनच बीटीबरोबर एक अट होती: शेताच्या कडेने साधा, बिनबीटी कापूस लावा. तिथे धड कुलपाचे पतंग हजारोंनी वाढतील, शेतातल्या एखाद-दुसऱ्या मोडक्या कुलपाच्या पतंगाशी जुळतील, आणि पिल्लांना एक तरी धड प्रत मिळेल. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं पाकीट त्यासाठीच यायचं.

ते पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही. यावर शेतकऱ्याला नावं ठेवणारे लेख मी भरपूर वाचलेत आणि मला ते पटत नाहीत. दोन-तीन एकरवाल्या माणसाला कुणी तरी सांगतं की स्वतःच्या जमिनीचा एक तुकडा अळीला जेवायला ठेव. का, हे कुणी नीट सांगत नाही. तो काय करेल?

आणि फक्त एवढंच कारण नव्हतं. अमेरिकेत, चीनमध्ये बीटी कापूस सरळ वाणांत आला. आपल्याकडे तो संकरित बियाण्यात आला, म्हणजे बीटीचं जनुक झाडाच्या दोन प्रतींपैकी एकीतच. अशा झाडाच्या बोंडात ज्या सरक्या तयार होतात त्यांत पुढच्या पिढीची वाटणी झालेली असते: एका जनुकाच्या हिशेबाने चारांतल्या साधारण एका सरकीत विष नसतंच. गुलाबी बोंडअळीचं जेवण नेमकं सरकी. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास शेजारी-शेजारी, म्हणजे अळीला जणू सरावाचा वर्गच. त्यात हंगाम लांबवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड घ्यायची सवय. तेवढ्या काळात अळीच्या जास्तीच्या पिढ्या निघतात. शिवाय अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा काहीही खाते. तिला तिथे बिनविषाचं रान आपोआप मिळतं. गुलाबी जवळजवळ फक्त कापसावर जगते. तिला दुसरं घर नाही. कापूस विषारी झाला की तिने बदलायचं किंवा संपायचं.

ती बदलली. २००८ साली गुजरातेतल्या अमरेलीतून गोळा केलेल्या अळ्या क्राय-१-एसी पचवताना सापडल्या. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत हे घडल्याचं जाहीर केलं: अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट. तोवर, २००६ पासून, दोन विषं असलेला बोलगार्ड-२ बाजारात होता. दुसरं विष क्राय-२-एबी. काही वर्षांत अळीने तेही पचवलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, असं चित्र विदर्भापासून खानदेशापर्यंत होतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या मृत्यूंमागे कारणं अनेक होती, सगळं या एका अळीवर टाकता येणार नाही. पण ज्या बियाण्याने फवारणी संपवायची होती त्याच बियाण्याच्या शेतात लोक पाठीवर पंप घेऊन उभे होते, हे तर खरं आहे.

आता अळीच्या आत जाऊ.

प्रयोगशाळेत ॲरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी आधीच गुलाबी बोंडअळीला पिढ्यान् पिढ्या विष खाऊ घालून मुद्दाम प्रतिकारक केलं होतं आणि कॅडहेरिनच्या जनुकात काय काय मोडतं ते टिपून ठेवलं होतं. मोडक्या कुलपाचे चार नमुने त्यांच्याकडे होते. मग भारतातल्या सात ठिकाणच्या ४३६ पतंगांचा डीएनए तपासला गेला आणि २०१४ साली निष्कर्ष आला. त्या चार नमुन्यांपैकी एकही भारतात सापडला नाही. एकही नाही. इथल्या अळ्यांनी तेच कुलूप मोडलं होतं, पण आपल्या पद्धतीने. आठ नव्या तऱ्हांनी. त्यातल्या सात तऱ्हांत तर एकाच मोडक्या जनुकातून पेशी दोन किंवा अधिक वेगवेगळे संदेश जुळवत होती, आणि प्रत्येक संदेश अर्धवट किंवा मधला तुकडा गळालेला. आठ तऱ्हांचे मिळून एकोणीस संदेश. बीटी पिकाला शेतात निकामी करणारा असा प्रकार जगात पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्या अळ्यांत.

मी तो निबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचला आणि मला पटकन पेशवे दप्तर आठवलं. एक शब्द इकडचा तिकडे करून अख्ख्या वतनाचा निकाल फिरवणारे कागद पाहिलेत मी.

पण हे सगळं एका जनुकापुरतं झालं. मोडकं काय ते शोधायचं तर पूर्ण दप्तर धड अवस्थेत कसं होतं हे आधी माहीत हवं. म्हणजे त्या पतंगाचा अख्खा जीनोम हवा. पतंगांत हे काम सर्वांत आधी रेशमाच्या पतंगाचं झालं. २००४ साली चीन आणि जपानच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे, आणि २००८ मध्ये दोघांचं मिळून. रेशमात पैसा आहे आणि हा पतंग हजारो वर्षं माणसाने पाळलेला आहे. शेतातल्या उपद्रवी पतंगांना उशीर लागला, आणि त्याचं एक कारण तांत्रिक आहे.

डीएनए या टोकापासून त्या टोकापर्यंत पोथीसारखा वाचता येत नाही. तो तुकड्यांतच वाचावा लागतो. समजा आमच्या सुरगाणा संस्थानचं सगळं मोडी दप्तर, प्रत्येक कागदाच्या शंभर नकला काढून, कुणी तरी फाडून एका पोत्यात भरलं. तुम्ही चिंध्या उचलता. एका चिंधीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळला की दोन्ही जोडता. नकला शंभर असल्यामुळे फाटण्याच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून जोड सापडतात. जीनोम असेंब्ली म्हणजे एवढंच. पण हाताशी फक्त बोटभर चिंधी असेल आणि तिच्यावर ‘राजमान्य राजश्री’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती कुठल्या पत्राची? हा मायना तर शेकडो पत्रांवर आहे. गुलाबी बोंडअळीच्या जीनोमचा अर्धा भाग असल्याच मायन्याचा आहे, पुन्हा पुन्हा तेच येणारा मजकूर. त्यावर उपाय एकच, लांब चिंध्या. मायना ओलांडून पुढे ‘मौजे अमुक’पर्यंत पोचणारी चिंधी असली की पत्र ओळखता येतं. पॅकबायो नावाचं तंत्र तशा लांब चिंध्या वाचतं.

जोडलेली पत्रं मग कुठल्या रुमालात बांधायची? पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. जीनोममध्ये रुमाल म्हणजे गुणसूत्रं. इथे हाय-सी नावाची युक्ती वापरतात: पेशीत डीएनएचे जे भाग एकमेकांना खेटून असतात ते आधी चिकटवून टाकायचे आणि मग वाचायचं. एका कागदाची ओली शाई शेजारच्या कागदावर उमटलेली असावी तसं. शाई उमटली आहे, म्हणजे हे दोन कागद एका रुमालात होते.

आणखी एक अडचण. आईची नक्कल आणि बापाची नक्कल यांत फरक असतात, रानातल्या पतंगांत तर भरपूर. जोडणाऱ्या संगणकाला वाटतं ही दोन वेगळी पत्रं आहेत आणि तो दोन्ही ठेवतो. दप्तर उगाच फुगतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा जीनोम २०१३ मध्ये आला तेव्हा त्या गटाला याच गोष्टीशी झगडावं लागलं होतं. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या पाळलेला, नात्यातल्या नात्यात वाढलेला पतंग निवडतात. नकला सारख्या, डोकेदुखी कमी.

गुलाबी बोंडअळीचं गुणसूत्रांपर्यंत पूर्ण जुळवलेलं, सगळ्यांना खुलं असलेलं पहिलं दप्तर २०२३ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकन शेती खात्याच्या शास्त्रज्ञांचं काम. तीस रुमाल: २९ साधी गुणसूत्रं आणि एक झेड. पतंगांत आपल्या उलट असतं, नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. मादीचा डब्ल्यू या दप्तरात नाही. जनुकं १४,१०७. पतंग-फुलपाखरांच्या कुळात जी जनुकं एकेकदाच असायला हवीत त्यातली ९८.६ टक्के तशीच, एकेकदा सापडली. म्हणजे जोडणी फार चोख झाली. मी सुरगाण्यात बसून, फोनचं नेटवर्क जाता-येता, त्याची पानं उघडून पाहिली. अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. काही कळत नाही, पण पाहावंसं वाटतं.

ज्या पतंगावरून हे सगळं वाचलं गेलं त्या वंशाचं नाव एफिस-एस. प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर पोसलेला, बीटीला सहज बळी पडणारा वंश. त्याचे शेतातले भाऊबंद अमेरिकेत आज नाहीत. ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कापूस आहे आणि तिथे दहा वर्षं साध्या कापसाचे पट्टे खरोखर लावले गेले. २००६ नंतर वेगळी युक्ती केली: अब्जावधी पतंग पैदा करायचे, किरणोत्साराने वांझ करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे. उरल्यासुरल्या धडधाकट पतंगांना जोडीदार मिळाले ते वांझ. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की आमच्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच हंगामात बोंडं किडली होती.

तेव्हा जगात या पतंगाचं जे दप्तर आज प्रमाण मानलं जातं ते हरलेल्या पतंगाचं आहे. जिंकलेला आपल्याकडे आहे. शास्त्राच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही, मी म्हणेन तेच बरोबर. मोडकं कुलूप ओळखायला शेजारी धड कुलूप लागतं. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एका बाजूच्या कागदांवर लिहिलेला इतिहास म्हटलं की जरा खुपतं. त्या ४३६ पतंगांनी एक गोष्ट दाखवून दिलेली आहे: ॲरिझोनात जे मोडलं ते अमरेलीत मोडलं नाही. दुसऱ्या विषाच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी निराळी निघाली. २०१८ च्या अभ्यासात ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेतल्या आणि भारतातल्या शेतातल्या, दोन्ही प्रतिकारक अळ्यांत एबीसीए-२ या जनुकाचा संदेश चुकीचा जुळवला जात असल्याचं दिसलं. कुठे साम्य, कुठे फरक, हे आधी सांगता येत नाही. प्रत्येक वेळी शेतातून अळी आणून वाचावीच लागते. पूर्वी एका जनुकापुरतं जे शोधलं ते आता चौदा हजार जनुकांत शोधता येईल, आणि ते शोधायचं तर अळ्या यवतमाळच्या, जळगावच्या, अमरेलीच्या हव्यात.

दादाला मी हे सगळं सांगितलं, फोनवर नाही, घरी बसवून. कुलूप-किल्ली त्याला लगेच कळली. दप्तराचं त्याला फारसं कौतुक वाटलं नाही. तो म्हणाला, “म्हणजे १२० ग्रॅमचं ते पाकीट लावायला हवं होतं.” मी म्हटलं, हो, आणि हंगाम डिसेंबरात संपवायला हवा होता, आणि बियाणं संकरित नको होतं.

“ते पाकीट मालकाच्या ओट्यावर पडलेलं असायचं,” तो म्हणाला. “आम्ही त्याच्यावर तंबाखू मळायचो.”

मग त्याने विचारलं की जिनिंगमध्ये सरकीचा ढीग असतो, त्यात पण असते का ही. असते. वेचलेल्या कापसाबरोबर ती तिथे जाते आणि सरकीत झोपते. म्हणूनच जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावायला सांगतात. दादा पुढच्या हंगामात कापूस वेचायला जाणार नाही, जिनिंगला जाणार आहे. तिथे रोज जास्त मिळतो.